प्रश्न चहाबरोबर

माझ्या दादाने आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलं. तो शिकवतो हे सगळ्यांना पटायचं, पण शिकवण्यापलीकडेही गणितात काही करायचं असतं हे आमच्या ओळखीत कुणालाच पटत नसे. त्याचा विषय नंबर थिअरी आहे असं कळल्यावर शेजारचे काका नव्या गाडीचा नंबर शुभ आहे का ते विचारायला आले होते. दादाने तो आकडा नीट पाहिला आणि मोठ्या आनंदाने सांगितलं, याला सातने पूर्ण भाग जातो. काका घाबरले आणि दुसरा नंबर घेऊन आले.

हसण्यासारखं एवढंच. पुढचं सांगताना मला अजून राग येतो आणि तो झाकून ठेवायचा माझा विचार नाही. मी त्याची धाकटी बहीण. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते आणि गणिताशी माझा संबंध गोळ्या मोजण्यापुरता. पण दादाच्या परिषदेत नावनोंदणीच्या टेबलावर दरवर्षी मीच बसायचे. त्यामुळे गणित सोडून तिथलं बाकी सगळं मला कळत होतं. निदान माझी तशी समजूत होती.

परिषद म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. मोठ्या शहरांत भरतात त्या वेगळ्या. तिथे विमानाने पाहुणे येतात. त्या परिषदांना ज्यांना कुणी बोलावत नाही, त्यांची ही विभागीय परिषद. आसपासच्या कॉलेजांतली चाळीसेक माणसं वर्षातून एकदा दोन दिवसांसाठी जमायची. विषय ठरलेले, नंबर थिअरी आणि गणितातलीच तिची शेजारीण, रिप्रेझेंटेशन थिअरी. एक जण फळ्यावर लिहितो, बाकीचे बघत बसतात. त्यांची जांभईसुद्धा विचार करून दिल्यासारखी दिसते.

या परिषदेचं सगळं काही दादा. वसतिगृहाच्या खोल्या मिळवायच्या, पांघरुणं धुऊन घ्यायची, कुणाला जिना चढवत नाही त्याला तळमजल्याची खोली द्यायची, परतीच्या गाड्यांच्या वेळा दारावर लावायच्या. हॉलमध्ये वर-खाली सरकणारा दुहेरी फळा होता. त्याची कप्पी अडकायची, तर परिषदेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत हा स्टुलावर चढून तिला तेल घालायचा. पडद्यावर स्लाइड दाखवायला त्याची सक्त मनाई होती. स्लाइडवाला पळ काढू शकतो, खडूवाल्याला प्रत्येक ओळीपाशी थांबावं लागतं, असं त्याचं म्हणणं. मी याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायचे. परिषदेत सगळे त्याला 'यजमान' म्हणत. त्याला ते आवडायचं. मला नाही आवडायचं, पण का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

यजमानाला मान म्हणून दुसऱ्या दिवशीचं शेवटचं व्याख्यान दादाचं असे. तोवर लोकांचं लक्ष घड्याळाकडे आणि बॅगांकडे लागलेलं. म्हणून व्याख्यान संपलं की अध्यक्ष म्हणायचे, "प्रश्न चहाबरोबर." सगळे टाळ्या वाजवायचे आणि उठायचे. पहिल्यांदा हे कुणाची तरी गाडी चुकू नये म्हणून झालं. मग तो रिवाजच पडून गेला. चहाच्या वेळी प्रश्न कुणीच विचारायचं नाही. लोक म्हणायचे, यजमान, व्यवस्था उत्तम, खोल्या स्वच्छ, पुढच्या वर्षी नक्की. आणि दादा समजायचा की व्याख्यानात कुणाला काही खटकलं नाही.

त्या व्याख्यानात तो दरवर्षी एकाच प्रमेयाबद्दल बोलायचा. ते त्याने तरुणपणी सिद्ध केलं होतं आणि दरवर्षी त्यावर एक नवा मजला चढवत होता. पहिल्या वर्षी सिद्धता मांडली तेव्हा पुढच्या रांगेत मोठे सर होते. मोठे सर म्हणजे दादाचे विद्यापीठातले गुरू, या विषयात ज्यांचा शब्द अखेरचा मानतात असे. बाबांना अर्धांगवायू झाला म्हणून दादा विद्यापीठ सोडून घरी परतला, पण सरांशी नातं त्याने सोडलं नाही. त्या दिवशी सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "चालू ठेव." या दोन शब्दांवर माझा भाऊ जगला. मी अतिशयोक्ती करत नाहीये. एकदा एका मासिकाने त्याचा लेख 'आमच्या मासिकास योग्य नाही' एवढंच लिहून परत पाठवला. महिनाभर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. मग सरांचा फोन आला, चालू ठेव म्हणाले, आणि हा दुसऱ्या दिवशी दाढी करून कॉलेजात हजर.

याची किंमत वहिनीने मोजली. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची, बसने चार-पाच तासांवर. लग्नानंतर तिच्या गावातल्या कॉलेजाने दादाला बोलावलं होतं. पगार बरा, घर मिळणार. दादा म्हणाला, हे एवढं पूर्ण होऊ दे, इथे परिषद आहे, सर येतात, दोन वर्षांत सगळं मार्गी लागेल. दोन वर्षांची किती वर्षं झाली ते मोजत बसण्यात अर्थ नाही. दोन गावांत दोन चुली राहिल्या. वहिनी शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. मूल राहूनच गेलं. त्यावर तिने कधी तोंड उघडलं नाही. एकदाच मला म्हणाली होती, की नवरा दारू पीत असता तर निदान भांडता आलं असतं, हा तर काम करतोय.

गेल्या वर्षी दादा निवृत्त व्हायचा होता. वहिनी आधीच निवृत्त होऊन कायमची घरी आली होती. परिषदेचे निबंध पहिल्यांदाच पुस्तकात छापले जाणार होते आणि त्यात दादाचं प्रमेय पूर्ण सिद्धतेसह यायचं होतं. शिवाय त्याच्या हाताखाली एक मुलगी पीएचडी करत होती. कॉलेजात त्याला मिळालेली ही एकुलती एक संशोधक विद्यार्थिनी, तीही अगदी उतारवयात. म्हणून दादा तिला 'शेंडेफळ' म्हणायचा, आणि मग आम्हीही. तिचे वडील ट्रक चालवायचे. घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिली. तिच्या प्रबंधाचा निम्मा भाग दादाच्या प्रमेयावर उभा होता आणि विद्यापीठाने दिलेली मुदत संपत आली होती. त्या वर्षी दोघांचंही सगळं त्या एका प्रमेयावर होतं.

शेंडेफळ मात्र काही महिने ओढलेली दिसायची. तिने लहान लहान संख्या घेऊन एक उदाहरण मांडलं होतं आणि ते प्रमेयात बसत नव्हतं. दादा म्हणाला, आकडेमोड चुकली असेल, परत कर. तिने परत केली. तो म्हणाला, आणखी एकदा कर. प्रमेयात काही गडबड असेल असं त्याच्या मनात आलं नाही, आणि तिच्याही नाही. इतकी मोठी माणसं इतकी वर्षं ऐकत आली आहेत म्हटल्यावर चूक आपलीच, असं ती धरून चालली. आमच्या घरी जेवायला बसली तरी बोटाने ताटाकडेला काहीतरी लिहीत असायची.

शेवटचं व्याख्यान म्हणून दादाने त्या दिवशी नवा मजला बाजूला ठेवला आणि पायापासून सगळं लिहायला घेतलं. नवा शर्ट घातला होता. वहिनी पहिल्यांदाच हॉलमध्ये येऊन माझ्याशेजारी बसली होती. मला कळत काहीच नव्हतं, पण त्याचं अक्षर सुंदर होतं आणि फळा वर सरकवताना कप्पी जराही कुरकुरली नाही. तो संपवून हात झटकत वळला. टाळ्या झाल्या. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले, "प्रश्न चहाबरोबर." आणि मागच्या रांगेत शेंडेफळाचा हात वर झालेला मला दिसला. अध्यक्षांनी तो न पाहिल्यासारखं केलं. दादाने पाहिला. तो कौतुकाने म्हणाला, विचार की.

ती उभी राहिली.

"सर, वरच्या फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीत, दोन्हींचे तुकडे सारखे आहेत एवढंच येतं ना? ते तुकडे जोडलेलेही सारखेच आहेत, हे कुठून आलं?"

"ते येतंच," दादा म्हणाला आणि दाखवायला म्हणून फळ्याकडे वळला. खडू ओळीखाली टेकवला. खडू तिथेच राहिला.

हे नेमकं काय होतं ते शेंडेफळाने मला नंतर समजावलं. ती म्हणाली, आत्या, दोन भिंती आहेत. विटा मोजल्या तर दोन्हीत तेवढ्याच, त्याच मापाच्या. पण एकीत विटा नुसत्या एकावर एक ठेवल्यात आणि दुसरीत सिमेंटने जोडल्यात. विटा सारख्या म्हणून भिंती सारख्या होतात का? सरांनी विटा अचूक मोजल्या, पण सिमेंट पाहिलंच नाही. नेहमीच्या संख्यांमध्ये सिमेंट नसतंच, म्हणून तिथे हे चालून जातं. सरांचा सगळा कारभार मात्र जिथे सिमेंट असतं तिथला. या विषयात काम करणाऱ्यांच्या हातूनच होणारी ही चूक आहे. बाकीचे इथवर पोचतच नाहीत.

हॉलमध्ये दादा अजून फळ्याकडे तोंड करून होता. वहिनीने माझं मनगट धरलं होतं. मग तो वळला. माझ्या भावाबद्दल एक गोष्ट मी अभिमानाने सांगेन. त्याने ना सारवासारव केली, ना तिला खाली बसवलं.

"तुझं ते उदाहरण," तो म्हणाला.

"हो सर."

"ते बरोबर होतं."

"हो सर," शेंडेफळ म्हणाली आणि रडायला लागली. चूक आपली नव्हती याचा आनंद व्हावा, तर त्याच क्षणी तिचा निम्मा प्रबंध गेला होता.

हॉलमध्ये कुणालाच धक्का बसलेला नव्हता. हे माझ्याही लक्षात आलं, मग दादाच्या आलं नसेल असं कसं होईल. चाळीस माणसं मान खाली घालून बसली होती. एक जण पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. एवढी मोठी चूक उघडी पडली आणि कुणी शेजाऱ्याशी कुजबुजसुद्धा केली नाही. दादाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग पुढच्या रांगेत पाहिलं.

"सर, ही ओळ तुम्हाला कधी दिसली?"

"बस रे आता," मोठे सर म्हणाले. "चहा घेऊया."

"कधी, सर?"

"पहिल्याच वर्षी."

दादाने मान हलवली. नोंद घेतल्यासारखी. मग सगळ्यांना म्हणाला की चहा तयार आहे, आणि बाहेर जाऊन कपबशा कमी पडत नाहीत ना ते पाहायला लागला.

म्हणजे सगळ्यांची आळीमिळी गुपचिळी होती. दरवर्षी येत होते, धुतलेल्या पांघरुणांत झोपत होते, टाळ्या वाजवत होते आणि जाताना यजमान, उत्तम, म्हणत होते. एखाददुसऱ्या नवख्याला कळलं नसेल, त्याला मी माफ करते. बाकीचे मूग गिळून बसले होते. मी तडक मोठ्या सरांसमोर गेले. ते म्हातारे झाले होते, बिस्किट चहात बुडवून खात होते. मला दया यायला हवी होती. आली नाही.

ते म्हणाले की पहिल्या वर्षीच सांगणार होते. पण बाबा आजारी, हा नुकताच सगळं सोडून आलेला, त्यात आणखी हे कशाला. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षी का नाही सांगितलं, हा प्रश्न आला असता. पुढे तर सांगणं अवघडच होत गेलं. बाकीच्यांनी सरच गप्प आहेत म्हणून तोंड उघडलं नाही. मासिकाने तो लेख तपासायला त्यांच्याकडेच पाठवला होता, हेही त्यांनी कबूल केलं. तिथेही त्यांनी चूक दाखवली नाही. योग्य नाही, एवढंच लिहिलं.

"त्याचं मन फार हळवं आहे," सर म्हणाले. "मोडला असता तो."

"त्याने तुम्हाला मन नव्हतं दिलं सांभाळायला," मी म्हणाले. "गणित दिलं होतं तपासायला."

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड यांनी धरली आणि भिकेला लागला माझा भाऊ. आणि त्याच संध्याकाळी, सांगायलाही लाज वाटते, त्याने मोठ्या सरांची बॅग स्वतः उचलून गाडीपर्यंत नेली. सरांना पाठदुखी होती म्हणे.

घरी आल्यावर वहिनीने त्याला पाणी दिलं. तो खुर्चीत बसला, नवा शर्ट तसाच अंगावर. ती समोर उभी राहिली.

"म्हणजे ते झालंच नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग मी तिकडे कशासाठी राहिले?"

ती चिडलेली नव्हती. खरंच विचारत होती. मग आत जाऊन तिने कुकर लावला. मी तिथून निघाले, कारण मला त्या दोघांकडे पाहवेना.

पुढचे काही महिने दादा आणि शेंडेफळ रोज बसायचे. भगदाड बुजतंय का पाहत होते. एकदा दोघांचे चेहरे उजळलेले दिसले म्हणून मी विचारलं, तर म्हणाले की एक अट घातली की सिद्ध होतंय. आठवड्याने कळलं की ती अट घातल्यावर सिद्ध करण्यासारखं काही उरतच नाही. पुस्तकातून दादाने स्वतः लेख मागे घेतला. संपादकांनी सुचवलं होतं की शेवटच्या ओळीत थोडा बदल केला तर कुणाच्या लक्षात येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दादाने मूठ उघडली.

शेंडेफळासाठी मात्र त्याने जिवाचं रान केलं. चूक माझी आहे, तिची नाही, उलट चूक तिनेच शोधली आहे, तिला मुदत वाढवून द्या, म्हणून विद्यापीठाच्या कचेरीत खेटे घातले. जन्मात कुणापुढे हात न पसरलेला माणूस कारकुनाच्या टेबलासमोर बाकावर बसून राहायचा. नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. मोठ्या सरांनी एक फोन केला असता तर बसलं असतं. दादाने त्यांना विचारलंही. सर म्हणाले, बघतो. ते अजून बघतायत. शेंडेफळ आता विमा कंपनीत आहे, कोण किती वर्षं जगेल त्याची कोष्टकं करते. पहिल्या पगाराची मिठाई घेऊन आली होती. दादाला वाकून नमस्कार केला, तर त्याने दोन पावलं मागे घेतली.

गणित त्याने सोडलं. सोडतो असं म्हणाला नाही, नुसतं थांबलं. सकाळी उठून वहिनीबरोबर भाजी आणायला जातो. दोघं एकमेकांशी फार नीट वागतात, पाहुण्यांशी वागावं तसं. वहिनी म्हणते, आता इतक्या वर्षांनी एका घरात राहायची सवय करून घ्यायची आहे. त्यात कुचकेपणा नसतो. असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि मग या वर्षी परिषदेच्या आधी फोन आला. प्रमेयाबद्दल नव्हता. निवृत्त झालात तरी या वर्षीची व्यवस्था तुम्हीच बघाल ना, यजमान, दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी तिथेच होते. मी हातवारे करून नको म्हणत होते. दादा हो म्हणाला. मी त्याच्याशी कडाक्याचं भांडले. म्हटलं, यांनी केसाने गळा कापला तुझा आणि तू त्यांच्या उशांचे अभ्रे बदलणार? तो म्हणाला, लहान कॉलेजांतली माणसं आहेत, वर्षातून दोन दिवस त्यांना कुणीतरी ऐकतं, नाहीतर त्यांनी जायचं कुठे. मी म्हटलं, मग मी येणार नाही. आणि गेले. त्याला टेबलावर एकटं बसवायचं माझ्या जिवावर आलं.

मोठे सर आले नव्हते. बाकी सगळे आले. दादाशी अगदी जपून बोलत होते, आजाऱ्याशी बोलावं तसं. शेवटचं व्याख्यान त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं होतं, आणि ते दादाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते दारावर लावायच्या कागदावर वाचलं आणि कागद सरळ लावला.

एक तरुण प्राध्यापक पहिल्यांदाच आला होता, कुठल्या तरी लांबच्या कॉलेजातून. पाठीला बॅग, डोळ्यांत झोप, चेहऱ्यावर उत्साह. मी त्याचं नाव लिहून घेत होते. दादा माझ्या मागे पांघरुणं लावत होता. त्या मुलाने त्याच्याकडे पाहिलं. पांढरे केस, चष्मा, शर्टाच्या खिशात खडू. परिषदेत नवा माणूस भेटला की सगळे एकमेकांना जे विचारतात तेच त्याने आदराने विचारलं, "सर, आपण कशात काम करता?"

मी पेन थांबवलं. दादाने हातातलं पांघरूण घडी करून वर ठेवलं.

"मी राहण्या-जेवणाचं बघतो," तो म्हणाला आणि त्याच्या हातात खोलीची किल्ली दिली.